गळक्या वाड्याचे मोल

देवाच्या गावात एखादे जुने घर विकावयास निघाले, की त्याची किंमत दोनदा सांगितली जाते. पहिल्यांदा ती रुपयांत सांगतात. ती ऐकून घेणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली, की दुसऱ्यांदा ती पुण्याईत सांगतात. शंभर वर्षांची वास्तू आहे, राजांगणात तुळशीवृंदावन आहे, देवळातला चौघडा अंथरुणावर पडल्यापडल्या ऐकू येतो, अशी जागा पुन्हा मिळावयाची नाही! पुण्याईच्या किमतीने रुपयांच्या किमतीची चिकित्सा बंद पाडावयाची, असा हा डाव असतो. घेणारा मुंबईस, बेळगावास किंवा बडोद्यास दोन-तीन पिढ्या स्थायिक झालेला कुळावी असला, तर ती चिकित्सा बहुधा बंद पडतेही. कुळदेवाच्या सावलीत आपले चार भिंतींचे घर असावे ही त्याची इच्छा जुनी असते, आणि तिच्यापुढे हिशेबाची वही उघडणे त्यास क्षुद्रपणाचे वाटते.

ती वही उघडणे क्षुद्रपणाचे नसून धर्माचे आहे, असे आमचे म्हणणे आहे. ज्या घरात दहा-पंधरा वर्षे सांजदिवा लागलेला नाही, ज्याची कौले सरकली आहेत, ज्याच्या भिंतींत एकामागून एक पावसाळे मुरले आहेत, त्या घराला नांदत्या घराची किंमत मागणे हा अन्याय होय. आणि ती किंमत भक्तीच्या नावाखाली देणे हा त्या अन्यायाला लावलेला हातभार होय. हे म्हणणे पुष्कळांस कठोर वाटेल. म्हणून ते पायरीपायरीने मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम पाण्याचा विचार करू. कारण या व्यवहारात खरा बोलका साक्षीदार तोच एक आहे. गोमंतकात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहा फूट पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मिलिमीटर हे माप कानाला लहान वाटते. पण एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा तेवढ्याच जागेवर एका पावसाळ्यात तीन हजार लिटर पाणी ओतले जाते. मंगळुरी कौले चौरस मीटरला पंधराच्या आसपास बसतात. म्हणजे एक कौल फुटले, तर त्या एका भोकातून सरळ पडणारे पाणीच हंगामाला सुमारे दोनशे लिटर झाले. आढ्याकडून घरंगळत येणारे वेगळे. एक कौल आणि दहा वर्षे, एवढाच गुणाकार वाचकांनी करावा, आणि मग 'थोडीशी ओल आहे' या विकणाऱ्याच्या शब्दांचे वजन ठरवावे.

बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती कौले सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्यापूर्वी आपल्याकडे कुंभाराचे नळे असत. नळे असोत की कौले, दोहोंची अट एकच: दर वर्षी पावसाआधी माणसाने छपरावर चढून ती परतली पाहिजेत, फुटकी बदलली पाहिजेत, वळचणीला साचलेला पाचोळा काढला पाहिजे. या शाकारणीला आपल्या वाडवडिलांनी कधी सुट्टी दिली नाही. पावसाच्या तोंडाशी असलेली भिंत ते माडाच्या झावळ्यांच्या झापांनी झाकून घेत. जुनी घरे शंभर वर्षे टिकली ती कोण्या अद्भुत कारागिरीमुळे नव्हे. शंभर वेळा शाकारली गेली म्हणून टिकली. ज्या वर्षी शाकारणी थांबली, त्या वर्षी घराचे वय मोजणे थांबले आणि मरण मोजणे सुरू झाले.

हे मरण कोणत्या वाटेने येते तेही पाहावे. आपली जुनी घरे जांभ्या चिऱ्यांची. चिरे बहुधा मातीत बसविलेले, वरून चुन्याचा गिलावा. चिरा सच्छिद्र असतो; तो पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडून देतो, त्याला त्याचे फारसे सुखदुःख नाही. पण सांध्यातली माती धुपते. वरून पाणी उतरू लागले, की भिंतीच्या पोटातली माती वाहून जाते, चिरे एकमेकांवर नुसते ठेवल्यासारखे उरतात, आणि भिंतीला पोट सुटते. जमिनीतून चढणाऱ्या ओलीबरोबर क्षार वर येतात, लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. लाकडाची गोष्ट याहून सूक्ष्म. लाकडातील ओल शेकडा वीसच्या वर दीर्घकाळ राहिली, की बुरशीला त्यात घर करता येते; आणि ओलसर लाकूड वाळवीला आमंत्रण देते. वासे जेथे भिंतीत शिरतात ती टोके आधी कुजतात. आणि दिसत नाहीत तीही तीच. माजघरातला सागाचा खांब पाहून घेणारा हरखतो. छप्पर मात्र त्या खांबावर उभे नसते, ते या न दिसणाऱ्या टोकांवर उभे असते.

असे घर विक्रीस काढण्यापूर्वी त्याला सिमेंटचा गिलावा आणि वर पांढरा रंग देण्याची एक रीत पडली आहे. मातीत बसविलेल्या चिऱ्यांवर सिमेंटचा जाड थर चढविला, की भिंतीचा श्वास कोंडतो. आतले पाणी बाहेर पडावयाचे ते आतच राहते, आणि कुजण्याचे काम अधिक जोमाने चालते. नवा गिलावा ही दुरुस्ती नव्हे. ती पुराव्यावर घातलेली चादर आहे. शिवाय अशी घरे चैत्र-वैशाखांत दाखवितात. त्या दिवसांत गोमंतकातील कोणते घर कोरडे नसते? घेणाऱ्याने ते आषाढात पाहावे. भर दिवसा छपराखाली दिवा न लावता उभे राहावे. जेथून आभाळ दिसेल तेथून पाणी येते हे समजण्यास इंजिनिअर लागत नाही. वाशाच्या टोकाशी सुरीचे अग्र दाबून पाहावे. ते लोण्यात जावे तसे आत गेले, तर विकणाऱ्याच्या पुढच्या साऱ्या वर्णनाची गरज उरत नाही.

कायदाही या बाबतीत घेणाऱ्याचे लाड करीत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाने विकणाऱ्यावर बंधन घातले आहे ते त्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास साधारण काळजीने न कळणारा असा महत्त्वाचा दोष सांगण्याचे. जो दोष डोळे उघडे ठेवले असता दिसला असता, तो सांगितला नाही म्हणून पुढे कोर्टात रडून उपयोग नाही. भिंतीवरचे पाण्याचे ओघळ, वाकलेले आढे, दारातली वाळवीची वारुळे हे सारे उघडे दोष होत. भक्तीने डोळे मिटले होते, हा बचाव कोणत्याही न्यायाधीशाने मान्य केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता दुसरी पायरी. घर ओस का पडले? 'मुले परदेशी गेली' हे उत्तर सर्वत्र मिळते. ते अर्धे खरे आहे. मुले परदेशी गेलेली पुष्कळ घरे नीट झाकलेली आहेत. ओस पडते ते घर, जे सर्वांचे असून कोणाचेच नसते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली; १९६१ च्या मुक्तीनंतरही १९६२ च्या कायद्याने ती चालू राहिली. वारसाहक्काच्या तरतुदी आता २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्यात आल्या आहेत आणि तो कायदा २०१६ पासून अंमलात आहे. या व्यवस्थेत मुलगा आणि मुलगी समान, हे तिचे भूषण होय. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक, आणि स्थावर विकताना दोघांची संमती हवी, हेही उचितच. पण याच व्यवस्थेत वाटणीचे काम, ज्याला आपले लोक अद्याप इन्व्हेंतार म्हणतात, वेळच्या वेळी झाले नाही, तर काय होते त्याचे गणित मांडून पाहा. आजोबांना पाच मुले, प्रत्येकाला चार. दोन पिढ्या वाटणीवाचून गेल्या, की वारस वीस. त्यांच्या जोडीदारांसह सह्या चाळीस. त्यांतील एक लिस्बनला, दोन दुबईला, एक रुसलेला, एक अज्ञान. अज्ञानाच्या वतीने कोर्टाची परवानगी हवी. या चाळिसांपैकी शाकारणीचे पैसे कोणी द्यावयाचे? प्रत्येकाचा वाटा कायद्याने ठरला, पण छपरावर चढण्याचे कर्तव्य कोणाच्याच वाट्याला आले नाही. म्हणून कौल सरकले. वाड्याला लागलेले कुलूप गंजले दिसते, पण आत ते आपसांतल्या अबोल्याचे असते.

आणि ज्यांनी या अबोल्यात घर भिजू दिले, तेच आता त्याच्या प्राचीनतेची किंमत मागतात. हा मुद्दा आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. प्राचीनता हे राखणदारीचे फळ आहे. ज्याने राखले त्याने त्याचे मोल घ्यावे, त्यास आमची हरकत नाही. पण ज्याने राखले नाही, त्याने वाडवडिलांनी शंभर वर्षे केलेल्या राखणदारीचे बिल परक्याच्या नावाने फाडावे, आणि आपल्या पंधरा वर्षांच्या हेळसांडीचा खर्चही त्याच्याच अंगावर घालावा, हा कोणता न्याय? गळके छप्पर विकणाऱ्याच्या काळातले. त्याची दुरुस्ती घेणाऱ्याच्या खिशातली. आणि किंमत मात्र छप्पर शाबूत असल्याची! पूर्वजांच्या आठवणींबद्दल म्हणाल, तर त्या विकणाऱ्याच्याच आहेत, आणि खरेदीखताने त्या कोणास देता येत नाहीत. घेणाऱ्याच्या आजीने त्या माजघरात कधी वाती वळलेल्या नाहीत.

कागदांविषयी आणखी थोडे सांगणे आमच्या व्यवसायाने आम्हांवर बंधनकारक आहे. वाटणी झालेली नसताना एखादा वारस 'माझ्या वाट्याचा उत्तरेकडचा अर्धा वाडा देतो' म्हणेल, तर तो जे देऊ पाहतो ते त्याच्यापाशी नाही; त्याच्यापाशी आहे तो सबंध मालमत्तेतला अविभक्त हक्क. तोही परक्यास विकला, तर सहहिस्सेदारांना अग्रहक्क सांगता येतो. फॉर्म एक व चौदावरील नाव म्हणजे मालकी नव्हे. मागल्या पडवीत कोणी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहत असेल, तर १९७५ च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण त्यास असण्याचा संभव आहे. 'ते बिचारे निघून जातील' हे विकणाऱ्याचे आश्वासन खरे मानू नये, आणि त्यांना घालवून द्यावे असा विचारही मनात आणू नये. घराचा धनी पोर्तुगालला निघून गेलेला असेल, तर १९६४ च्या परागंदा मालमत्तेच्या कायद्याखाली ते घर सरकारी व्यवस्थेत तर गेलेले नाही ना, हे तपासावे. आणि देवळाच्या परिसरातील घर असेल, तर भुई कोणाची हे सर्वांआधी विचारावे. भिंती कुटुंबाच्या आणि जमीन देवाची किंवा कोमुनिदादीची, असे प्रसंग येतात. देवाचीच जमीन देवाच्या भक्ताला विकून वर पुण्य लाभेल म्हणून सांगणारा मनुष्य धाडसी खरा. पण त्याच्या धाडसाला पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता आकड्यांत बोलू. पुढील आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे घालावेत. समजा, पाचशे चौरस मीटर जागेवर असा एक वाडा आहे आणि मागणी दीड कोटीची आहे. शेजारची तशीच मोकळी जागा चौदा हजार रुपये चौरस मीटरने जाते, म्हणजे भुईचे सत्तर लाख झाले. त्यात उपयोगी पडेल असे लाकूड, चिरे, कौले, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या यांचे सहा लाख मिळवा. पाडून जागा मोकळी करण्याचे चार लाख आणि कागद स्वच्छ करण्याचे पाच लाख वजा करा. उरले सदुसष्ट लाख. ज्याला पाडून नवे बांधावयाचे आहे, त्याची मर्यादा ही.

ज्याला वाडा राखावयाचा आहे, त्याने दुसऱ्या बाजूने मोजावे. तशाच जुन्या पण नांदत्या, कोरड्या घरास त्या गावात समजा एक कोटी चाळीस लाख येतात. दुरुस्तीचा अंदाज साठ लाख. गळक्या घराच्या दुरुस्तीचा अंदाज नेहमीच थोडा निघतो, कारण भिंत उघडल्यावाचून तिच्या पोटातले कळत नाही; म्हणून त्यावर चौथाई, पंधरा लाख, धरा. कागदांचे पाच. ऐंशी लाख वजा जाता साठ उरले. म्हणजे राखणाऱ्याची मर्यादा साठ लाख, पाडणाऱ्याची सदुसष्ट, आणि मागणी दीड कोटीची. मधले ऐंशी-नव्वद लाख कशाचे? ते ना भुईचे, ना लाकडाचे, ना चिऱ्याचे. ते घेणाऱ्याच्या हळवेपणाचे आहेत. 'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. पडके घर विकत घेऊन पाहणारा बांधण्याचा त्रास तर भोगतोच, शिवाय पाडण्याचा आणि पस्तावण्याचाही भोगतो.

यावर संस्कृतिप्रेमी मंडळींकडून जो आक्षेप येतो, तो क्षुल्लक नाही, आणि त्यास बगल देण्याचा आमचा इरादाही नाही. ते म्हणतात, आपण घेतले नाही तर परप्रांतीय बिल्डर घेईल. वाडा जाईल, तेथे पोहण्याचा तलाव असलेले बंगले उभे राहतील, आणि देवळाच्या वाटेवर आपल्यांतले कोणी उरणार नाही. ही भीती खरी आहे. वरच्या हिशेबातही ती दिसते: पाडणाऱ्याला राखणाऱ्याहून सात लाख अधिक देणे परवडते. पण म्हणूनच तो हिशेब पुन्हा नीट वाचावा. राखण्याची म्हणून जी जास्तीची किंमत आहे, ती या सात लाखांची आहे. समाजाला ती वास्तू खरोखर मोलाची वाटत असेल, तर त्याने ते सात लाख जाणूनबुजून, वर्गणी काढून, ताठ मानेने द्यावेत, आम्हीही देऊ. परंतु बिल्डरच्या नावाचा बागुलबुवा दाखवून नव्वद लाख मागणारा मनुष्य संस्कृतीचे रक्षण करीत नसतो. बिल्डर खरोखर दीड कोटी देत असता, तर घर आपल्यापर्यंत आलेच नसते. हिशेबी मनुष्य ज्या किमतीस घेत नाही, त्या किमतीस भाविकाने घ्यावे, म्हणून ते आपल्यापर्यंत येते.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. नव्या बांधणीपेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, असे सांगतात. मान्य. पण जीर्णोद्धार देवालयाचा, तळ्याचा, धर्मशाळेचा. अशा वास्तूंचा, ज्यांत सर्वांचा प्रवेश आहे. एका कुटुंबाच्या भांडणात भिजलेल्या खाजगी घराची किंमत फुगविणे याला जीर्णोद्धार हे नाव शोभत नाही. शिवाय आपला धर्म जीर्ण वस्तूंविषयी आंधळा नाही. भग्न झालेली मूर्ती आपण पूजेत ठेवीत नाही. यथाविधी विसर्जन करतो. जो समाज देवाच्या मूर्तीला मानाने निरोप देऊ शकतो, त्याला कुजलेल्या वाशांना निरोप देता येऊ नये?

आणि हा समाज कोणता? सोळाव्या शतकात जेव्हा तिसवाडी, साष्टी आणि बारदेश येथील देवळांवर संकट आले, तेव्हा आपल्या पूर्वजांनी काय केले, ते प्रत्येक कुळाव्याला पाठ आहे. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. तो गेला १७६३ मध्ये. रात्रीच्या अंधारात खाडी ओलांडणाऱ्या त्या माणसांनी बरोबर आणले ते देव. भिंती आणल्या नाहीत. चिऱ्यांपाशी रडत बसले असते, तर आज मंगेशीची दीपमाळ दिसली नसती. वेर्ण्याला जुन्या ठिकाणी आपल्या हयातीत पुन्हा म्हाळसेचे मंदिर उभे राहिले, ते भिंती शिल्लक होत्या म्हणून नव्हे. जागा कोणती ते लोकांच्या स्मरणात राहिले होते म्हणून. यावरून घ्यावयाचा बोध एवढाच, की जागेला मोल आहे आणि स्मरणालाही मोल आहे. जागेचे मोल द्यावे. स्मरण विकत घेता येत नाही, ते जागवावे लागते.

ही खरेदी एखाद्या देवस्थानाने भक्तनिवासासाठी करावयाची असेल, तर आमचा विरोध दुप्पट तीव्र समजावा. खाजगी मनुष्याने आपला पैसा हौसेवर उधळला, तर तो त्याचा त्याला जाब देईल. देवस्थानचा पैसा फुलवालीने फंडपेटीत टाकलेल्या नाण्यांचा असतो. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजन चालवितात आणि मामलेदार हा प्रशासक या नात्याने त्यावर देखरेख ठेवतो. पण मंजुरी मिळणे वेगळे आणि व्यवहार उचित असणे वेगळे. विकणारा स्वतः महाजनांपैकी असेल, तर त्याने सभेत मत तर देऊ नयेच, किमतीच्या चर्चेच्या वेळी बसूही नये. दोन तटस्थ जाणकारांचे लेखी मूल्यांकन, एक भर पावसाळ्यातील पाहणी आणि मागील निदान तीस वर्षांच्या कागदांचा वकिली दाखला, या तीन गोष्टींवाचून ज्या समितीने ठराव केला, तिने विश्वस्तपणा केला नाही; परक्याच्या पैशाने मैत्री केली.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आमच्या वाचकांनी ही गोष्ट केवळ गोमंतकाची म्हणून पान उलटू नये. तेथे चिऱ्याच्या जागी वीट असेल, इन्व्हेंतारच्या जागी १९५६ चा हिंदू वारसा कायदा आणि त्याची २००५ ची दुरुस्ती असेल. पण सरदारी वाड्यांच्या दारांवरील कुलपे त्याच अबोल्याची आहेत, आणि किमतीही त्याच हळवेपणाच्या.

मग अशी घरे घेऊच नयेत काय? असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या भिंती ओळंब्यात आहेत, ज्याचा पाया खचलेला नाही, ज्याचे सारे वारस एका कागदावर सही करण्यास तयार आहेत, आणि ज्याची किंमत भुईच्या किमतीभोवती फिरते, ते घर जरूर घ्यावे. चुन्याने गिलावा करणारा कारागीर मिळत असेल, तर त्याला काम द्यावे. पहिल्याच वर्षी रंगाऐवजी छपराकडे पैसा वळवावा. आणि वर्षातून चार दिवस उत्सवाला येण्यासाठी नव्हे, तर कोणीतरी बारा महिने राहील अशी सोय लावून घ्यावे. चांदरचा मिनेझिस ब्रागांझा वाडा आजही नांदतो आहे, कारण त्यात माणसे राहिली. कुटुंबाने न राहता घेतलेला वाडा म्हणजे नव्या मालकाच्या नावावर चाललेला जुना ऱ्हास होय.

आणि वाडा वाचविणे खरोखरच शक्य नसेल, तर निदान त्यातले वाचविण्याजोगे वाचवावे. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याची अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील व्यापारी दप्तरे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे गेली, म्हणून आज अभ्यासकांच्या हाती आहेत. आपल्या ओस घरांच्या माळ्यांवर मोडीतल्या वह्या, देवळाच्या जमाखर्चाचे कागद, पोथ्या पाण्यात लगदा होऊन पडल्या आहेत, त्यांच्यासाठी कोणी दीड कोटी मागत नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही. संस्कृतीचा एवढा कळवळा असेल, तर तो तेथे खर्च व्हावा. तेथे तो स्वस्तात होण्यासारखा आहे.

शेवटी बोलावयाचे ते घेणाऱ्यांहून अधिक घर असलेल्यांशी. घर कोणी खोट्या किमतीस विकत घेतले म्हणजे वाचते असे नाही. ते प्रत्येक मे महिन्यात वाचते किंवा मरते. अवाच्या सवा किमतीस विकलेला प्रत्येक पडका वाडा गावातल्या उरलेल्या वाड्यांच्या धन्यांना शिकवतो, की शाकारणीचा खर्च व्यर्थ आहे, पडू द्या, पडक्यालाही भाव येतो. ही शिकवण थांबविणे घेणाऱ्यांच्या हाती आहे. ज्यांचे घर अद्याप उभे आहे, त्यांनी येत्या वैशाखात कौले परतून घ्यावीत, आणि वडील माणूस हयात व शुद्धीवर असतानाच वाटणीचे कागद पुरे करावेत. ज्यांचे पडले आहे, त्यांनी भुईचा भाव सांगावा आणि भुईचा भाव घ्यावा. त्याहून जे मागतील, त्यांना घेणाऱ्याने नम्रपणे एवढेच म्हणावे, की आपण आषाढात पुन्हा भेटू, आणि तेही वाड्याच्या आत, छत्रीवाचून.